ऑफिस खाली, मोहोर वर

शाळेत मुलांना बसायला जागा नव्हती, म्हणून शाळेनं आपलं ऑफिस बाहेर काढलं. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! मलाही वाटलं होतं. त्या शहाणपणापायी वर्षभरात माझ्या दोन वहाणा फाटल्या, आणि दोन माणसं एकाच वेळी पूर्णपणे बरोबर असली तर तिसऱ्याचं काय होतं, ते मला कळलं.

तेव्हा आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि हुकूम नागपूरहून यायचे. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या एका गावात आमची शाळा होती. गावाचं नाव सांगत नाही. या गोष्टीतली काही माणसं अजून रस्त्यात भेटतात. शाळा टेकाडावर. व्हरांड्यात उभं राहिलं की समोर सातपुडा दिसे, आणि मागं वळून पाहिलं की कडुलिंबाखाली बसलेला सहावीचा वर्ग. वर्गाला खोली नव्हती. वारा सुटला की मुलांच्या वह्यांबरोबर भूगोलाचा नकाशाही उडायचा, आणि मास्तर आफ्रिकेच्या मागं धावायचे.

शाळेच्या मंडळींनी ठराव केला की ऑफिसच्या दोन खोल्या मोकळ्या करून वर्गाला द्याव्या, आणि ऑफिस खाली बाजारात एका कापसाच्या जिनवाल्याच्या रिकाम्या गोदामात न्यावं. शाळेपासून गोदाम अर्धा कोस. उतरताना अर्धा, चढताना मी तो कधी मोजला नाही.

ऑफिस म्हणजे आम्ही दोघं. एक बडेबाबू आणि एक मी. बडेबाबू बारीक, काळेसावळे, कानावर कायम टाक. तीस वर्षं त्यांनी या शाळेची रजिस्टरं सांभाळली होती आणि त्यांतला प्रत्येक नियम त्यांना तोंडपाठ होता. मी बाविशीचा, नोकरीला दुसरं वर्ष, आणि मला एकही नियम पाठ नव्हता. त्यामुळे आमचं चांगलं जमे.

हलवाहलवीच्या दिवशी तीन बैलगाड्या आल्या. कपाटं गेली, तिजोरी गेली, रजिस्टरांचे गठ्ठे गेले. शेवटी भिंतीवरच्या घड्याळापाशी गाडं अडलं. हेडमास्तर पुण्याकडचे; उंच, गोरे, बोलणं असं की प्रत्येक शब्दाला इस्त्री केलेली. ते घड्याळाखाली येऊन उभे राहिले.

"हे घड्याळ शाळेचं आहे. ते इथेच राहील."

"साहेब, ते ऑफिसच्या खर्चातून आलं," बडेबाबू म्हणाले. "ऑफिसच्या जिनसांच्या यादीत लिहून आहे. काढून दाखवू?"

"मुलांना वेळ कळायला नको?"

"ऑफिसले नाई लागत का वेळ?"

घड्याळ शाळेत राहिलं. बडेबाबूंनी त्याची चावी खिशात घातली आणि ते गाडीत बसले. आठवड्यानं घड्याळ अकरा वाजून दहा मिनिटांवर थांबलं आणि मी नोकरी सोडेपर्यंत तिथंच होतं. वर घड्याळ, खाली चावी. पुढं जे जे झालं ते सगळं त्याच दिवशी त्या भिंतीवर लिहिलेलं होतं. मला वाचता आलं नाही, एवढंच.

आणि रिकाम्या झालेल्या खोल्या? जुन्या कागदांचे जे गठ्ठे गोदामात मावेनात, ते बडेबाबूंनी तिथंच ठेवून दोन्ही खोल्यांना कुलूप घातलं. सहावीचा वर्ग कडुलिंबाखालीच राहिला. मी एकदा भीतभीत विचारलं, तर म्हणाले, "कागद काय झाडाखाली ठेवू बे? पोट्टे भिजले तर वाळतात."

सुटे कागद लाल बस्त्यात बांधून मी वर न्यायचो, सही घेऊन खाली आणायचो. दिवसातून तीन फेऱ्या, कधी चार. आमच्या शिपायाला दम्याचा त्रास, म्हणून हे काम माझ्याकडं. मी रस्त्यावरच्या एकेका दगडाला ओळखू लागलो होतो. पण हे तरी चालण्यानं होणारं काम होतं. न होणारं काम निराळंच होतं, आणि ते म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला.

दाखल्याचा नियम असा. मागं कुठल्याशा शाळेत कुणी खोटा दाखला लिहिला होता. तेव्हापासून हुकूम होता की दाखला मूळ रजिस्टरावरून लिहावा, हेडमास्तरांनी रजिस्टर आणि दाखला दोन्ही समोर ठेवून दोन्हींवर सही करावी, आणि तिथंच मोहोर मारावी. ऑफिस शाळेत होतं तोवर हे सगळं एका टेबलावर व्हायचं. आता रजिस्टर खाली होतं आणि हेडमास्तर वर. रजिस्टर ऑफिसच्या उंबऱ्याबाहेर जायचं नाही, हा बडेबाबूंचा नियम. शाळेच्या वेळात हेडमास्तरांनी आवार सोडायचं नाही, हा हेडमास्तरांचा नियम. शाळेच्या वेळेनंतर सरकारी कागदावर सही करायची नाही, हा दोघांचाही नियम. मोहोर हेडमास्तरांच्या कोटाच्या आतल्या खिशात. ती ते हातातून सोडत नसत. यातला एकही नियम त्यांनी मनानं बनवलेला नव्हता. मी तीनही हुकूम काढून वाचले होते. दोघं बरोबर होते, हीच तर रड होती.

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडली आणि दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, गोदामाच्या दारात एक पिंजारी उभा राहिला. पन्नाशीचा असेल. खांद्यावर कापूस पिंजायची मोठी कमान. दाढीत कापसाचे तंतू असे अडकलेले, की पिकलेला केस कुठला आणि कापूस कुठला ते सांगता येऊ नये. वरवट बकालहून आला होता, भल्या पहाटे निघून, थोडा चालत आणि थोडा कुणाच्या बैलगाडीत.

"बाबू, मले दाखला पाह्यजे. माह्या पोराचा."

पोरगा आमच्याच शाळेतून मॅट्रिक झालेला. अमरावतीला मास्तर बनवायच्या शाळेत त्याला जागा मिळाली होती. तो तिथंच जाऊन बसला होता. पिंजाऱ्यानं टोपीच्या अस्तरातून एक पत्र काढलं. त्यात लिहिलं होतं की शनिवारी दुपारपर्यंत मूळ दाखला हजर केला नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला दिली जाईल.

"शनिवारले टाइम आहे ना?" तो म्हणाला. "आज तर मंगळवार. एक कागजच तर लिहाचा आहे."

बडेबाबूंनी अर्ध्या घटकेत सुंदर अक्षरात दाखला लिहिला. मग टाक कानावर ठेवून म्हणाले, "झाला. आता हेडमास्तरांची सही आणि मोहोर."

"कोठी बसते हेडमास्तर?"

"वर."

"मंग द्या, मी नेतो."

"तुले कसा देऊ? रजिस्टराबिगर सही होत नाई. आणि रजिस्टर इथून हालत नाई. त्याह्यले म्हणा, खाली या."

पिंजारी वर गेला. हेडमास्तरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमची अडचण मला समजते. पण शाळा सोडून मला येता येणार नाही. बडेबाबूंना रजिस्टर घेऊन वर यायला सांगा."

पिंजारी खाली आला. बडेबाबू म्हणाले, "मी वर गेलो तर ऑफिस कोठी राह्यलं? आणि रजिस्टर रस्त्यात पडलं तर?" पिंजारी पुन्हा वर गेला. तिसऱ्या खेपेला तो माझ्या टेबलापाशी येऊन जमिनीवर बसला आणि त्यानं कमान मांडीवर आडवी घेतली.

"बाबू, मले एक सांगा. या दोघाईत भांडण आहे का?"

"नाही चाचा."

"भांडण असतं तं मिटवलं असतं. भांडणच नाई, मंग मिटवाचं काय?"

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. मी म्हटलं, "उद्या या. मी काहीतरी करतो."

त्या रात्री तो बाजारातल्या मशिदीत राहिला. बुधवारी मी जे काही केलं ते शहाण्या कारकुनासारखं केलं, म्हणजे अर्ज लिहिला. मुलाची जागा जाण्याचा संभव आहे, तरी या एका वेळेपुरती सवलत मिळावी. हेडमास्तरांनी समासात शेरा मारला: सवलतीस हरकत नाही, बडेबाबूंनी रजिस्टरासह हजर व्हावे. मी खाली आलो. बडेबाबूंनी त्याखाली लिहिलं: रजिस्टर हलवता येत नाही, साहेबांनी हजर होण्याची कृपा करावी. मी वर गेलो. हेडमास्तरांनी लिहिलं: वरचा शेरा पाहावा. मी खाली आलो. बडेबाबूंनी लिहिलं: पाहिला. उन्हानं टेकाड तापलेलं, डोक्यावर बस्ता, आणि माझ्यामागं पिंजारी, त्याच्या खांद्यावर कमान. समोरून येणारा प्रत्येक माणूस विचारी, "काय चाचा, हेडमास्तरले पिंजाले चालला का?" चौथ्या फेरीला अर्जाचा समास संपला. हेडमास्तरांनी अर्ज उलटा केला आणि पाठीमागं लिहायला घेतलं.

तेव्हा मी पहिल्यांदा संतापलो. ओरडलो नाही, ओरडायला मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो. पण त्यांच्या टेबलासमोर उभा राहून मी रागानं त्यांच्या टाकाकडं पाहत होतो, आणि हेडमास्तर लिहिता लिहिता एकदा या अंगावर, एकदा त्या अंगावर कलत होते. त्यांना मूळव्याध होती. शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. खुर्चीवरच्या गादीतला कापूस गोळा होऊन त्याचे खडे झाले होते. सुटीपूर्वी त्यांनी गादी दुरुस्तीचा कागद खाली पाठवला होता, आणि मीच तो बस्त्यात विसरलो होतो.

मी वळून दाराकडं पाहिलं. दारात पिंजारी उभा. त्याच्या खांद्यावर कमान.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं?

"साहेब," मी म्हटलं, "गादीचा कागद मंजूर होऊन आलाय. कारागीरही आणलाय. उद्या सकाळी सुरू करू?"

हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला, तो मी त्यांच्या तोंडावर मॅट्रिकच्या निकालालाही पाहिला नव्हता. "अवश्य. इथे व्हरांड्यातच बसू द्या त्यांना."

"तसं करता येत नाही, साहेब," मी खाली मान घालून म्हटलं. "गादी ऑफिसच्या जिनसांत आहे. जिन्नस दुरुस्त करायची ती ऑफिसच्या आवारात, बडेबाबूंच्या नजरेसमोर. नियम आहे."

मंजुरी खोटी होती, पण हा नियम खरा होता. आदल्या दिवशी दाखल्याचा नियम शोधताना तो मला दिसला होता.

बडेबाबूंनी गादीचा कागद त्याच संध्याकाळी मंजूर केला. नियमाप्रमाणे आलेला कागद ते कधी अडवत नसत. पिंजाऱ्याला मी सगळं समजावून सांगितलं. त्यानं दाढी कुरवाळली.

"म्हंजे गादीच त्याह्यले खाली आणीन?"

"आणेल. लवकर संपवू नका, एवढंच."

"बाबू, तुमी लय हरामी आहा," तो अगदी प्रेमानं म्हणाला.

गुरुवारी सकाळी गादी खाली आली. गोदामाच्या ओसरीवर पिंजाऱ्यानं ती उसवली, कापूस पसरला आणि कमानीच्या तांतीवर लाकडी मूठ मारली. टण्ण-टण्ण-टण्ण! बडेबाबूंचे कागद थरथरू लागले. कापूस उडून त्यांच्या टाकाला चिकटला. पण कारागीर नजरेसमोर ठेवायचा होता. ते उठून जाऊही शकेनात. तांत वाजत होती आणि मी घाम पुसत होतो. शुक्रवारी सकाळची मोटार चुकली, तर नांदुऱ्याला अमरावतीकडची आगगाडी मिळणार नव्हती, आणि गाडी मिळाली नाही तर शनिवार गेला. म्हणजे आज शाळा सुटायच्या आत हेडमास्तर उतरले नाहीत तर सगळं संपलं.

वर हेडमास्तरांचा पहिला तास उभ्यानं गेला, असं शिपाई सांगत आला. दुसऱ्या तासाला हेडमास्तर लाकडी खुर्चीच्या कडेवर बसले आणि लगेच उठले. त्यांनी चिठ्ठी पाठवली: गादी केव्हा मिळेल? मी उत्तर लिहिलं: तयार झाली की ज्यांच्या वापरात जिन्नस आहे त्यांनी ती समक्ष पाहून पोच द्यायची आहे. हाही नियम खरा होता.

दुसरी चिठ्ठी आली नाही. मधल्या सुटीत, भर उन्हात, छत्री घेऊन हेडमास्तर स्वतः टेकाड उतरताना दिसले. पावलं जपून टाकत येत होते. त्यांचं आवार सोडून येणं मी पहिल्यांदाच पाहत होतो. पिंजाऱ्यानं त्यांना पाहिलं मात्र, आणि शेवटचे टाके इतक्या भराभर घातले की मला सुई दिसली नाही.

"झाली का?"

"हाव साहेब. बसून पाहा."

पण बसायचं कुठं? गोदामात पाठ असलेली खुर्ची एकच होती आणि तिच्यावर बडेबाबू होते. माझ्या वाट्याला स्टूल. हेडमास्तर गादी हातात धरून उभे. बडेबाबू खुर्चीत. शेवटी बडेबाबू उठले. तीस वर्षांत ते त्या खुर्चीवरून दुसऱ्यासाठी उठले नव्हते, डिप्टीसाहेब तपासणीला आले तेव्हा सोडून.

हेडमास्तर बसले. त्यांनी डोळे मिटले आणि "आहाहा" म्हणाले. तेवढ्यात मी गादीची पोच पुढं सरकवली. तिच्याखाली रजिस्टर, आणि रजिस्टरात दाखला. पोचेवर सही झाली. मी पान उलटलं.

"हे काय?"

"तो दाखला, साहेब. रजिस्टर समोर आहे. आपण समोर आहात. शाळेची वेळही आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग दाराशी कमान धरून उभ्या असलेल्या पिंजाऱ्याकडं. त्यांना सगळं कळलं. गादीवरून उठता येत होतं. ते उठले नाहीत. दोन्हीकडं सही केली, कोटातून मोहोर काढली आणि शाईच्या गादीवर दाबली. ती कोरडी ठणठणीत. ऑफिस हलवल्यापासून मोहोर खाली आलीच नव्हती, शाई कुणी घालायची?

मी मोहोरेच्या शाईची बाटली उघडली, तर तळाशी नुसता खरवडा. वर जाऊन शाई आणायची तर सुटी संपणार, आणि सुटी संपली की हेडमास्तर चढू लागणार. तेव्हा उभ्या असलेल्या बडेबाबूंनी आपला पाण्याचा तांब्या उचलला, बाटलीत दोन थेंब टाकले, टाकाच्या मागच्या टोकानं खरवडा ढवळला आणि तो शाईच्या गादीवर पसरला. मग धोतराच्या सोग्याला बोटं पुसली. ते धोतर त्यांनी नेहमी पांढरंशुभ्र ठेवलेलं असे.

मोहोर उमटली. जरा फिकी, पण गोल.

पिंजाऱ्यानं दाखला दोन्ही हातांनी घेतला. "हे गोल उमटलं म्हंजे झालं?" त्यानं विचारलं. झालं म्हटल्यावर त्यानं तो पत्राबरोबर टोपीच्या अस्तरात घातला, आमच्या तिघांकडं एकदा पाहिलं आणि जो निघाला तो धावतच. दुपारची एक मोटार नांदुऱ्याला निघत होती. ती त्याला मिळाली. कमान मात्र ओसरीवरच राहिली.

पोराला जागा मिळाली. शनिवारी सकाळी दाखला हजर झाला. आणि गोष्ट इथं संपली असती, तर मी आज इतका चिडून लिहीत नसतो.

पंधरा दिवसांनी पिंजारी कमान न्यायला आला. मधल्या काळात दुसऱ्याची कमान मागून आणून तो काम करत होता, आणि ती आता मालकानं परत मागितली होती. कमान भिंतीला टांगलेली होती. मी काढायला हात वर केला.

"थांब बे," बडेबाबू म्हणाले. "ते जिनसांत चढली."

"काय चढली?"

"दर महिन्याच्या शेवटी ऑफिसात जे जे दिसलं ते लिहायचं. कमान दिसली. लिहिली. आता काढायची तं हेडमास्तरांची सही पाह्यजे. रजिस्टरासमोर."

पिंजारी माझ्याकडं वळला. "काऊन?" तो म्हणाला. एवढंच. "काऊन, बाबू?"

का, ते फक्त नियमात लिहिलेलं होतं. हेडमास्तरांची गादी आता मऊ होती. ते खाली कशाला येतील? आणि बडेबाबू तेच होते, ज्यांनी आपल्या तांब्यातलं पाणी घातलं होतं. त्या दिवशीची शाई सोग्यावर अजून निळी दिसत होती. माणूस वाईट असता तर मी भांडलो असतो.

मी वर गेलो नाही. अर्जही लिहिला नाही. जेवायच्या सुटीत बडेबाबू नळावर हात धुवायला गेले, तेव्हा कमान काढून गोदामाच्या मागच्या खिडकीतून बाहेर दिली. खिडकीखाली पिंजारी उभा होता. त्यानं ती खांद्यावर घेतली, पण तो निघेना.

"तुमाले काही होईन का याच्यानं?"

"काही नाही. जा चाचा."

बडेबाबूंनी परत येऊन रिकामा खिळा पाहिला. मग खुर्चीत बसून टाक पुसू लागले. पुढच्या महिन्याच्या शेवटी जिनसांची यादी तपासायची पाळी आली, तेव्हा ते एकेक नाव वाचत होते आणि मी "आहे" म्हणत होतो. टेबल एक. आहे. तिजोरी एक. आहे. घड्याळ एक. आहे. कमान एक.

मी रिकाम्या खिळ्याकडं पाहिलं.

"आहे," बडेबाबू स्वतःच म्हणाले, आणि त्यांनी बरोबरची खूण केली.